टॉवर डोळ्यासमोर, मग रेंज कुठे जाते?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ही तक्रार हमखास ऐकू येते: टॉवर घराशेजारी आहे, तरी फोनला रेंज नाही. तक्रार खरी असते, आणि तिचं उत्तर बऱ्याचदा अँटेनाच्या घडणीत सापडतं.

अँटेना स्वतः ताकद निर्माण करत नाही. मिळालेली ताकद कोणत्या दिशेला किती वाटायची, एवढंच तो ठरवतो. साधा उभा अँटेना चहूकडे सारख्या लहरी पाठवतो, पण थेट वर आणि थेट खाली जवळजवळ काहीच जात नाही. ट्रॅक्टरची ट्यूब जमिनीवर आडवी ठेवा, भोकात अँटेना उभा करा. हा झाला त्याच्या प्रारणाचा आकार. राउटरच्या बरोबर वरच्या माडीत वायफाय अडखळतं ते यामुळेच. राउटरची एक काडी आडवी करून बघा.

टॉवरवरच्या लांबट पेट्यांत असे छोटे अँटेना एकावर एक रचलेले असतात. रांग जितकी उंच, तितका झोत पातळ होतो: आडवा पसारा साधारण 65 अंश, उभा मात्र जेमतेम 6-8 अंश. तीन पेट्या तीन दिशांना तोंड करून बसवतात आणि झोत थोडा खाली झुकवतात. पेटी 40 मीटरवर आणि कल 4 अंश असेल, तर सपाट जमिनीवर झोताचा मध्य सुमारे 570 मीटरवर टेकतो. टॉवरच्या बुंध्याशी मुख्य झोत डोक्यावरून निघून जातो, हाती लागतात ते कडेचे क्षीण झोत. अंतर कमी म्हणून एरवी तेवढ्यावर भागतं. पण धाब्याच्या मातीच्या छताखाली, त्यातही दोन पेट्यांच्या मधल्या दिशेला घर असेल, तर भागत नाही.

धडगाव-तोरणमाळकडे अडचण वेगळी. तापीकाठच्या सपाटीसाठी झुकवलेला झोत सातपुड्याच्या उतारावरच्या पाड्यांच्या खालून जातो, आणि घळीतल्या पाड्याला डोंगर आडवा येतो. 700-900 मेगाहर्ट्झच्या लांब लहरी कड्यावरून थोड्या तरी वळतात. 2300 किंवा 3500 च्या फार कमी. पाण्याने भरलेली केळीची पानंही आखूड लहरी जास्त शोषतात.

कधी रेंज दिसते, पण बोलणं तुटतं. टॉवर वीस-चाळीस वॉटनी बोलतो, 4G फोन साधारण 0.2 वॉटनी. म्हणजे टॉवरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं टॉवरपर्यंत पोचत नाही. त्यामुळे नव्या टॉवरचा ठराव करण्याआधी ग्रामसभेने विचारावं: आहे त्या टॉवरची एखादी पेटी आमच्या पाड्याकडे वळवता येईल का? अँटेना ज्या दिशेला जोरात बोलतो, त्याच दिशेचं त्याला जास्त ऐकूही येतं.