ओ गटाला लागण कमी की मृत्यू कमी?

‘ओ गटवाल्यांना कोरोनाचा धोका कमी’ हे २०२० पासून ऐकू येतंय. धोका कसला, लागणीचा की लागण झाल्यावर दगावण्याचा, हे मात्र कुणी सांगत नाही. फरक छेदात असतो. लागण बघायची तर बाधितांची तुलना सर्वसाधारण लोकांशी करायची. मृत्यू बघायचा तर मृतांची तुलना बाधितांशी.

मार्च २०२० मधला वुहानचा अभ्यास घ्या. शहरातल्या ३,६९४ निरोगी लोकांत ओ गट ३३.८४ टक्के. जिनयिनतान रुग्णालयातल्या १,७७५ रुग्णांत २५.८०. दगावलेल्या २०६ जणांत २५.२४. म्हणजे घसरण झाली ती पहिल्याच पायरीवर. रुग्णापासून मृत्यूपर्यंत आकडा जवळपास हललाच नाही. पण मृतांची तुलना थेट शहराशी केली की तीच घसरण मृत्यूच्या खात्यावर पडते, आणि मथळा तयार!

ए गट जरा चकवतो: ३२.१६, मग ३७.७५, मग ४१.२६. इथे दुसऱ्या पायरीवरही चढ दिसतो. पण रुग्णांतल्या प्रमाणाने २०६ मृतांत ए गटाचे साधारण ७८ यायला हवे होते, आले ८५. सात जणांचा फरक एवढ्या छोट्या संख्येत योगायोगानेही पडतो.

इटली-स्पेनच्या अभ्यासात तर रुग्ण श्वसन निकामी झालेले, म्हणजे गंभीरच. म्हणून तो ‘मृत्यूचा पुरावा’ म्हणून फिरला. छेदात मात्र सौम्य रुग्ण नव्हते, सर्वसाधारण लोक होते, त्यांत काही रक्तदातेही. ब्लड बँका ओ गटवाल्यांना हटकून बोलावतात, त्यामुळे दात्यांत ओ गट मुळातच जास्त असू शकतो आणि रुग्णांत तो कमी भासू शकतो, हे इथे विसरून चालत नाही.

डेन्मार्कने दोन्ही छेद वेगळे ठेवले. ७,४२२ बाधितांत ओ ३८.४१ टक्के, लोकसंख्येत ४१.७०. शंभर बाधितांमागे तीन-चार माणसांचा फरक. रुग्णालयात भरती होणं आणि मृत्यू यांत गटानुसार फरक दिसला नाही.

संभाव्य कारणंही वेगवेगळी आहेत. ओ गटाच्या रक्तात अँटी-ए, म्हणजे ए गटाच्या खुणेवर तुटून पडणारी प्रतिपिंडं असतात. ए गटाच्या माणसाकडून आलेल्या विषाणूला ती आडवी येत असावीत. हे लागणीपुरतं. गंभीर आजाराबाबत बोट दाखवलं जातं ते वॉन विलेब्रँड घटकाकडे: रक्त गोठायला मदत करणारं हे प्रथिन ओ गटात सुमारे २५ टक्के कमी असतं. शिरांत गुठळ्या कमी होण्याशी त्याचा संबंध कोरोनाच्या बराच आधीपासून माहीत आहे. डेन्मार्कच्या मृत्यूच्या आकड्यांत मात्र तो फायदा उमटला नाही.