नायट्रोजनच्या टाकीजवळचा पांढरा लोट विषारी नसतो

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत द्रव नायट्रोजनच्या टाकीपाशी पांढरे लोट दिसले, की "कारखान्याने विषारी वायू सोडला" अशी आवई उठते. तसं नसतं. ते हवेतल्याच बाष्पाचं धुकं असतं. म्हणून पावसाळ्यात ते दाट दिसतं, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात विरळ.

उणे १९६ अंशांचा हा नायट्रोजन उलट प्रदूषण अडवायला वापरतात. टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकांच्या वाफा बाहेर पडण्याआधी कंडेन्सरमध्ये गार करून त्यांचा पुन्हा द्रव करतात. वाफा आणि नायट्रोजन एकमेकांत मिसळत नाहीत, मधे नळ्यांची धातूची भिंत असते. टोल्युइन उणे ९५ अंशांना गोठतं. नळ्यांवर असा थर धरला, की तो वितळेपर्यंत दुसरा कंडेन्सर चालवतात. नायट्रोजन मात्र स्वच्छच बाहेर येतो. आपल्या हवेत तो ७८ टक्के आहेच.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. बंद खोलीत किंवा खड्ड्यात हा वायू साचला तर ऑक्सिजन घटतो. वास येत नाही, माणूस काही कळायच्या आत कोसळतो. ऑक्सिजन मोजल्याशिवाय अशा जागी कुठल्याही कामगाराला उतरवू नये.