बधिर तळव्याचा व्रण
बधिर तळव्याचा व्रण : तळव्याची संवेदना गेल्यानंतर दाबाच्या जागी पडणारी, चिवट आणि सहसा न दुखणारी जखम. कुष्ठरोग व मधुमेह ही भारतातील तिची प्रमुख कारणे. [→ कुष्ठरोग, मधुमेह].

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरचे 60 उपक्रम (उपचार) सांगितले आहेत. या ग्रंथाचा काळ इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मागेपुढे धरला जातो. त्यातील दुष्टव्रणात (चिघळलेल्या, सहज न भरणाऱ्या जखमेत) हा व्रण अंतर्भूत असावा, पण तसे खात्रीने म्हणता येत नाही.

नस (संवेदना नेणारा मज्जातंतू) मेल्यावर मांसाचे पोषण थांबते व ते सडते, असे पूर्वी मानत. ‘पोषणज व्रण’ ही संज्ञा त्यातूनच आली. 1946 मध्ये वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दोष मांसाचा नसून वारंवार पडणाऱ्या दाबाचा आहे, असे प्रतिपादन केले. हेच मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पुरेशी विश्रांती मिळाली की असा व्रण बहुधा भरून येतो. दुखऱ्या पायाचा माणूस लंगडतो आणि त्या जागेवरचा भार आपोआप हलवतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही, त्याच घट्ट्यावर दिवसभर चालतो. घट्ट्याखाली रक्त साकळते, फोड येतो, तो फुटतो. अंगठ्याच्या व बोटांच्या मुळाशी हे सर्वाधिक घडते.

उपचारासाठी घातलेले, पायाला चिकटून बसणारे, जवळजवळ बिनअस्तराचे प्लॅस्टर दाब तळवा व पोटरीभर विभागते. त्याचे आद्य श्रेय काही लेखक सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) मिलरॉय पॉल यांना देतात, तर काही दक्षिण भारतातील जोसेफ खान यांना. दोघांचेही काम 1930–40 या दशकातले असल्याने अग्रक्रम ठरवणे कठीण आहे. अमेरिकेत ही पद्धत पुढे ब्रँड यांनी रुजवली. जखम चिघळून हाडापर्यंत गेली असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा अपुरा असेल, तर हे प्लॅस्टर टाळतात.

निदानासाठी 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात. तो जाणवला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजतात. प्रतिबंधासाठी रोज तळवा निरखणे, पाय पाण्यात भिजवून घट्टा घासणे, मग तेल लावणे, हा क्रम शिकवतात. मधुमेह्याने मात्र पाय फार वेळ भिजवू नयेत. चपलेचा तळ मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा असावा, त्याखाली कडक थर असावा, आणि ती शिवलेली किंवा चिकटवलेली असावी. मोच्याने मारलेला एखादा खिळा वर आला, तरी घालणाऱ्याला तो संध्याकाळी रक्त दिसेपर्यंत कळत नाही.