नेझूचा त्सुत्सुजी-उतार आणि ‘गोंगेन’चा घोळ

एप्रिल आला की तोक्योतल्या नेझू देवळालगतचा उतार गुलाबी-जांभळा होतो. त्सुत्सुजीच्या, म्हणजे अझेलियाच्या, सुमारे 100 जाती आणि 3,000 झुडपं. यामातो या प्राचीन जपानी राज्याच्या एका राजपुत्राने देऊळ स्थापलं ही आख्यायिका बाजूला ठेवू. आज दिसणाऱ्या वास्तूची गोष्ट 1706 ची. पाचव्या शोगुनला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाला, मुलगा उरला नव्हता, म्हणून त्याने पुतण्याला वारस केलं आणि पुतण्याच्या घराण्याच्या वाड्याची जागा देऊन देऊळ तिथे हलवलं. पुतण्याचा जन्म याच वाड्यातला. त्याच्या जन्मावेळची वार (नाळेसोबत पडणारी) पुरलेली जागा आजही दाखवतात. उतारावर पहिली त्सुत्सुजी त्याच्या वडिलांनी लावली असं सांगतात. पटण्यासारखं आहे, कारण एदोला, म्हणजे तेव्हाच्या तोक्योला, या फुलांचं वेडच होतं. जवळच्या सोमेइ गावातल्या एका रोपवाटिकावाल्याने 1692 मध्ये त्यांच्यावर पाच खंड काढले होते.

खरा घोळ नावाचा. तेव्हा हे ‘नेझू गोंगेन’ होतं. ‘गोन’ म्हणजे तात्पुरतं, ‘गेन’ म्हणजे प्रकट होणं. बुद्ध किंवा बोधिसत्त्वाने घेतलेलं स्थानिक देवाचं रूप. अवतारकल्पनेत वाढलेल्या आपल्याला हे लगेच कळतं. 1868 मध्ये शोगुनची सत्ता पाडून आलेल्या नव्या सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचे हुकूम काढले. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातल्या, देवाला ‘गोंगेन’ म्हणणं त्यात बसेना, आणि हे ‘नेझू जिंजा’ (जिंजा म्हणजे शिंतो देऊळ) झालं. शुद्धीकरण असं कारण दिलं गेलं. पण पाडलेल्या शोगुन घराण्याचा मूळपुरुषही ‘गोंगेन’ म्हणूनच पुजला जात होता. तेव्हा हा निव्वळ धर्माचा प्रश्न होता असं मानणं भाबडेपणाचं. गंमत म्हणजे देवळाची बांधणी त्याच मूळपुरुषाच्या पदवीवरून आजही ‘गोंगेन-झुकुरी’च म्हणवते: गाभारा आणि सभागृह मधल्या दालनाने एकाच छपराखाली जोडलेले. शब्द देवावरून खरवडला, इमारतीवर राहिला.

देवळापुढच्या वस्तीत वेश्यालयंही होती. शेजारी विद्यापीठ आल्यावर ती 1888 मध्ये समुद्रकाठी सुसाकीला हलवली. फुलं पाहायला येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

उतारावरची बाग फक्त उत्सवाच्या दिवसांत, तिकीट काढून उघडते. एरवी इनारी या धान्यदेवतेच्या लाल तोरींच्या, म्हणजे कमानींच्या, रांगेतून चालताना झुडपं नुसती हिरवी दिसतात.