साखरेवर संशय यायला एवढी वर्षं का लागली

सप्टेंबर 1953 मध्ये ब्रिटनमधलं साखरेचं रेशनिंग संपलं. महायुद्धामुळे जानेवारी 1940 पासून तिथे साखर मोजून मिळायची, मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण 8 औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि बंधन उठल्यावर लोकांचं साखर खाणं बघता बघता जवळपास दुप्पट झालं, दिवसाला सुमारे 40 ग्रॅमवरून 80 ग्रॅमवर. एक मोठा प्रयोग सुरू झालाय असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पण 2024 मध्ये संशोधकांनी त्या तारखेच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या सुमारे 60 हजार लोकांची माहिती तपासली, तर ज्यांचे आईच्या पोटातले महिने आणि पहिली दोनेक वर्षं रेशनिंगमध्ये गेली होती त्यांना टाइप 2 डायबेटिसचा धोका जवळपास 35 टक्क्यांनी आणि हाय बीपीचा 20 टक्क्यांनी कमी निघाला. ज्यांना डायबेटिस झालाच, त्यांनाही तो सरासरी चार वर्षं उशिरा झाला. म्हणजे ज्या वयात मूल स्वतः काहीच निवडू शकत नाही, त्या हजारेक दिवसांतल्या साखरेचा हिशोब शरीर पन्नाशी-साठीत करतं.

मेटाबॉलिक आजारांची, म्हणजे शरीर अन्न कसं वापरतं यातच बिघाड होणाऱ्या डायबेटिससारख्या आजारांची, खरी अडचण हीच आहे, वेळ. काही खाल्लं आणि रात्री पोट बिघडलं तर माणूस लगेच कारण शोधतो, इथे कारण आणि आजार यांच्यात तीस-चाळीस वर्षं जातात आणि तोपर्यंत शंभर इतर गोष्टी बदललेल्या असतात. त्यामुळे दोष कुणावरही ढकलता येतो, आणि तो ढकललाही गेला.

1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला आणि हृदयविकार हा एकदम घराघरातला विषय झाला. अॅन्सेल कीज हे अमेरिकी संशोधक म्हणाले की मुख्य दोषी सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे लोणी-तूप, मांस यांत जास्त असणारं फॅट, आणि 1958 पासून त्यांनी सात देशांत मोठा अभ्यास चालू केला. लंडनमधले आहारतज्ज्ञ जॉन युडकिन म्हणत होते की साखरेकडे बघा, 1972 मध्ये त्यांनी साखरेविरुद्ध पुस्तकच लिहिलं आणि त्याबद्दल त्यांना भरपूर टीका सहन करावी लागली. आज कीजना खलनायक ठरवायची पद्धत पडलीये, ती मला पटत नाही, सॅच्युरेटेड फॅटमुळे एलडीएल, म्हणजे हृदयाला घातक, कोलेस्टेरॉल वाढतं हे आजही खरंच आहे. नुकसान झालं ते भांडण "फॅट की साखर" असं लावल्यामुळे, जणू काही एक दोषी ठरला की दुसरा आपोआप निर्दोष सुटतो.

आणि या भांडणात पैसा होता. 1965 मध्ये अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशनने हार्वर्डच्या संशोधकांना एक रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहायला साडेसहा हजार डॉलर दिले, रिव्ह्यू 1967 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला, त्यात साखरेविरुद्धच्या पुराव्याला कमी लेखलं होतं आणि भर फॅट कमी करण्यावर होता. पैसे कुणी दिले याचा उल्लेख नव्हता, तेव्हा तसा नियमही नव्हता. हे बाहेर यायला 2016 उजाडलं, तेही क्रिस्टिन कर्न्स या मूळच्या डेंटिस्ट असलेल्या संशोधकाने जुनी पत्रं शोधून काढली म्हणून. याच फाउंडेशनच्या पैशातून 1968 मध्ये उंदरांवर साखरेचे परिणाम तपासायचं काम सुरू झालं होतं, सुरुवातीचे निष्कर्ष साखरेच्या बाजूचे दिसेनात तेव्हा पैसे थांबले आणि ते निष्कर्ष कधी छापलेच गेले नाहीत. एका रिव्ह्यूमुळे सगळं जग चुकलं असं मी म्हणणार नाही, पण हे वाचल्यावर मला राग येतो, कारण ती वर्षं कुणाच्या तरी आयुष्यातली होती.

1977 मध्ये अमेरिकी सिनेटच्या मॅकगव्हर्न समितीने लोकांना फॅट आणि साखर दोन्ही कमी करा असं सांगितलं होतं. बाजारात मात्र लो-फॅटच आलं. फॅट काढलं की चव जाते, मऊपणा जातो, मग तो भरून काढायला साखर, स्टार्च, घट्टपणा आणणारे पदार्थ. त्याच सुमारास मक्यापासून बनणारं हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप स्वस्तात मिळायला लागलं आणि 1984 पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या कोला कंपन्यांनी साखर सोडून तेच वापरायला घेतलं. कोल्ड्रिंकमध्ये वापरतात त्यात फ्रुक्टोज साधारण 55 टक्के असतं, साध्या साखरेत 50 टक्के, म्हणजे ते काही वेगळंच विष नव्हे. फरक एवढाच की ते स्वस्त आणि पातळ होतं त्यामुळे कशातही घालता यायचं.

इथे लिव्हरचा भाग समजून घ्यायला हवा. साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी वापरते, फ्रुक्टोजचं मोठं काम मात्र लिव्हरवर पडतं, आणि ग्लुकोजच्या वाटेवर जो ब्रेक असतो, की आता पुरे, एनर्जी भरपूर आहे, तो फ्रुक्टोजच्या वाटेवर नसतो. रोज भरपूर येत राहिलं, त्यातही पेयातून झपाट्याने आलं, तर लिव्हर त्याची चरबी करायला लागतं. चरबी साठली की लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं, रिपोर्टमध्ये शुगर नॉर्मलच दिसत असते. इन्सुलिन असूनही शरीर दाद देत नाही असा डायबेटिस वेगळा असतो हे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं, पण वाढलेलं बीपी, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि शुगर हे सगळं त्याच एका धाग्यातले मणी आहेत हे जेराल्ड रेव्हन यांनी 1988 मध्ये मांडलं, तेव्हा कुठे डॉक्टरमंडळींनी मनावर घेतलं. दारू न पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्येही दारुड्यासारखं नुकसान दिसतं ही नोंद 1980 ची आहे.

तरी एक कोडं राहत होतं. ब्राझीलमध्ये पोषण-संशोधक कार्लोस मोंतेरो आणि त्यांची टीम घरोघरच्या खरेदीचे आकडे बघत होती, लोक सुटी साखर आणि तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत होते आणि लठ्ठपणा वाढतच होता. कारण साखर-तेल गेलं नव्हतंच, ते आता फॅक्टरीतून तयार पदार्थातून घरात येत होतं. यातूनच 2009 मध्ये त्यांनी खाण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला सांगितलं, त्यात काय आहे यापेक्षा त्याच्यावर किती आणि कशी प्रक्रिया झालीये हे बघा, आणि अल्ट्रा-प्रोसेस्ड हा शब्द रुळला. 2014 च्या ब्राझीलच्या आहार मार्गदर्शिकेत तो सरकारी भाषेतही आला.

टीका होणारच होती, आणि ती सगळीच चुकीची नाही, एकाच गटात कोल्ड्रिंकही आणि पॅकेटबंद होल ग्रेन ब्रेडही. शिवाय बरेच पुरावे नुसत्या निरीक्षणाचे होते. म्हणून अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांचा 2019 चा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. 20 माणसं चार आठवडे संशोधन केंद्रातच राहिली, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण, दोन आठवडे साधं, समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, फायबर, मीठ सारखंच, हवं तेवढं खा. अल्ट्रा-प्रोसेस्डच्या आठवड्यांत तीच माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, खायचा वेगही जास्त होता आणि वजन जवळपास एक किलोने वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. प्रयोग छोटा आहे, पण "तुमचा तोंडावर ताबा नाही" असं ज्यांना आयुष्यभर ऐकवलं गेलं त्यांच्यासाठी हे केवढं मोठं आहे बघा, माणसं तीच होती, नुसतं ताट बदललं होतं.

सरकारं त्या मानाने हळू हलली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये फ्री शुगर (वरून घातलेली साखर, शिवाय मध आणि फळांच्या रसातली) एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांखाली आणि जमलं तर 5 टक्क्यांखाली ठेवा असं सांगितलं, मेक्सिकोने 2014 मध्ये आणि ब्रिटनने 2018 मध्ये गोड पेयांवर कर लावला, चिलीने 2016 पासून पॅकेटवर साखर वगैरे जास्त असल्याचा इशारा देणारे काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले. शिक्का टाळायला कंपन्यांनी साखर कमी केली, ते चांगलंच झालं, पण तिच्या जागी बऱ्याच ठिकाणी कृत्रिम स्वीटनर आले, जसं पूर्वी फॅटच्या जागी साखर आली होती. आणि वजन आटोक्यात ठेवायला या स्वीटनरवर विसंबू नका, असं त्याच जागतिक आरोग्य संघटनेला 2023 मध्ये वेगळं सांगावं लागलं.