आडनाव तेच, चेहरा वेगळा

ऑगस्ट २००९ मधलं पुणं ज्यांनी पाहिलंय, त्यांना नायडू रुग्णालयाबाहेरची रांग आठवत असेल. दुकानांतले मास्क संपले, मग लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला याच शहरात झाला होता. तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर यायचा: फ्लूची लस तर दरवर्षी निघते, मग तीच का देत नाहीत?

प्रश्न भाबडा नव्हता. नेहमीच्या लशीत एच१एन१ होता आणि नवा विषाणूही एच१एन१च. पण एच१एन१ हे आडनावासारखं आहे. कोल्हापूरचे जोशी आणि रत्नागिरीचे जोशी यांचा चेहरा एकच असेल असं थोडंच आहे? आपली प्रतिपिंडं ओळखतात ती विषाणूवरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या टोकाचा आकार, आणि तो पार निराळा होता. अमेरिकेत साठवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा नेहमीच्या लशीमुळे मुलांमध्ये नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयारच झाली नसल्याचं दिसलं. मोठ्यांमध्येही नावापुरतीच. कॅनडात तर लस घेतलेल्यांनाच हा फ्लू जास्त झाल्याचं आढळलं. इतरत्र तसं दिसलं नाही, त्यामुळे त्यावर बराच वाद झाला.

खरी गंमत त्याच तपासणीत पुढे आहे. साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं आधीपासूनच होती! १९१८च्या साथीतला विषाणू माणसांत राहिला तसा डुकरांतही शिरला. माणसांत तो वर्षागणिक रूप पालटत गेला, डुकरांत मात्र बराचसा जुन्याच वळणाचा राहिला. २००९ मध्ये डुकरांकडून परतला तेव्हा आजीआजोबांच्या शरीराने त्याला ओळखलं, नातवंडांच्या नाही. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना गाठतो. या साथीत तरुण जास्त दगावले.

शेवटी लस वेगळीच करावी लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस जुलै २०१० मध्ये आणली. त्याच वर्षापासून हा विषाणू नेहमीच्या लशीतही आला.

बर्ड फ्लूचा एच५एन१ मात्र त्या लशीत नाही. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्यांवर आला, तोच हा. तरीही २०२४ मध्ये अमेरिकेत गाईंना बर्ड फ्लू झाला, तेव्हा गोठ्यांवर, पोल्ट्रीत राबणाऱ्यांना नेहमीची फ्लूची लस देण्याची मोहीम निघाली. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. माणसाचा आणि पक्ष्याचा फ्लू एकाच वेळी एकाच शरीरात शिरला, तर हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात. १९५७ आणि १९६८च्या साथींचे विषाणू अशाच सरमिसळीतून आले होते. त्या कामगारांना बर्ड फ्लूपासून वाचवणं हे त्या सुईचं काम नव्हतंच, त्या दोघांची गाठ पडू न देणं हे होतं.