दहा वर्षांची मुदत नेमकी कशाला होती?

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला विषमतेचा विषय निघाला की वर्गात कुणीतरी हटकून म्हणतं, 'आरक्षण फक्त दहा वर्षांसाठीच होतं.' गैरसमज साहजिक आहे, कारण दहा वर्षांची मुदत संविधानात खरोखरच होती. पण ती अनुच्छेद 334 मध्ये, म्हणजे लोकसभा-विधानसभांतल्या राखीव जागांपुरती. तीही संविधानदुरुस्ती करून वेळोवेळी वाढवली गेली. नोकऱ्यांतलं आरक्षण येतं 16(4) मधून, शिक्षणातलं 1951 साली जोडलेल्या 15(4) मधून. या दोन्हींत वर्षांचा आकडाच नाही. 16(4) ची अट निराळी आहे : मागासवर्गाला सरकारी सेवांत पुरेसं प्रतिनिधित्व नाही, असं राज्याचं मत हवं. मुदत असावी की नसावी, हा वाद खुशाल घाला, तो वेगळा. पडताळायचं तर संविधानाची मराठी प्रत काढा आणि ही तीन कलमं शेजारी ठेवून वाचा.